बांदिवडेकर सरांचा वैयक्तिक पाठिंबा

डॉ. सुधाकर बांदिवडेकर यांच्याइतका निर्भय माणूस आमच्या कॉलेजात दुसरा नव्हता. अट एकच, ज्याला भ्यायचं तो माणूस जवळपास नसावा. तो दिल्लीत असला तर सर वर्गात त्याची सालटी काढत. मुंबईत असला तर जरा जपून बोलत. आणि तो आमच्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा पीत बसलेला असला, तर सरांचा घसा बसलेला असे.

बेलापूरच्या आमच्या कॉलेजात माध्यम विभागात ते कायदा शिकवत आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे इतकी वर्षं त्यांच्याकडे बघत बसण्यावाचून मला इलाज नव्हता. त्यांची पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांच्या स्वातंत्र्यावर. मुलांनी लिहिलेलं कॉलेजला रोखता येतं का, कुठवर येतं, रोखलं तर कोर्ट काय म्हणतं, यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. मरून रंगाच्या बांधणीचा तो जाडजूड प्रबंध त्यांच्या टेबलावर कायम असे. जेवताना ते त्यावर डबा ठेवत. टेबलाला डाग पडू नये म्हणून.

डब्याचंही एक प्रकरण होतं. सर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, जवळा आणि सुकट, ही वाळवलेली बारीक मासळी, म्हणजे जीव की प्राण. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी ते खाडीकाठच्या दिवाळे गावात जात आणि हिराबाई कोळणीकडून वर्षाचा साठा भरून आणत. डब्यात सुकटीची चटणी असली की डबा एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर रबरबँड. वास बाहेर येता कामा नये. खिडकीकडे तोंड करून, कुणाची तरी चोरी केल्यासारखे जेवत. "काय सर, आज मासळी वाटतं," असं कुणी सहज म्हटलं तरी "छे छे, भाजी आहे" म्हणत. स्टाफरूममधली निम्मी माणसं त्याच वेळी बांगडा नाहीतर मांदेली खात असत. पण कुणाची तरी हरकत असू शकेल, एवढी कल्पनाही सरांना घाम फोडायला पुरे होती.

शिकवत मात्र उत्तम. हे लिहिताना मला चांगलंच जिवावर येतंय, पण खरं आहे. मी कितीदा तरी त्यांच्या वर्गाबाहेर रेंगाळून ऐकलंय. "घटनेचं कलम एकोणीस एक अ," असं म्हणत ते चष्मा काढत आणि बोलण्याचा, लिहिण्याचा, छापण्याचा हक्क असा काही उभा करत की मागच्या बाकावरची मोबाईल बघणारी पोरंसुद्धा मान वर करत. मग "आणि एकोणीस दोन," म्हणून चष्मा परत डोळ्यांवर चढे आणि त्या हक्कावरची बंधनं सुरू होत. चष्म्याशिवाय त्यांना हातभर पुढचंही दिसत नसे. स्वातंत्र्याविषयी ते बोलत ते नेमकं तेवढ्याच वेळात.

"छापल्यावर खटला भरा, पण छापण्याआधी तोंड दाबू नका," असं ते सांगत. आणि एक वाक्य तर ते दर वर्षी फळ्यावर लिहून देत, "उशिरा छापलेली बातमी ही छापलेली बातमी नव्हे." मुलं ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारत. पेपरात त्यावर हमखास प्रश्न असे.

वर्गाबाहेरचं त्यांचं वाक्य वेगळं होतं. "वैयक्तिक पातळीवर माझा तुम्हाला पूर्ण पाठिंबा आहे." हा पाठिंबा जिन्यावर मिळे, सभेत मिळत नसे. एकदा शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवा, एवढ्यासाठी आम्ही बायका संस्थेकडे जाणार होतो. सरांनी मला जिन्याच्या वळणावर गाठलं, वर बघितलं, खाली बघितलं आणि हळू आवाजात तो पाठिंबा देऊन टाकला. "मग सही करा ना अर्जावर," मी म्हटलं. तर म्हणाले, "बाई, सहीने विषयाला वेगळं वळण लागेल." कडीच्या विषयाला कसलं वळण लागणार होतं ते मला अजून कळलेलं नाही.

नेरूळला ते राहत त्या सोसायटीचे ते सेक्रेटरी होते, आणि त्यांच्या सगळ्या कायदेपांडित्याचं उगमस्थान माझ्या मते तिथेच होतं. नवी मुंबईत माणसाला जन्माला यायला तेवढी फक्त आई पुरते. पुढे भाडेकरू ठेवायचा, नळ हलवायचा, खिडकीला जाळी लावायची, सगळ्याला सोसायटीची एनओसी. सरांचं त्या कागदावर विलक्षण प्रेम. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाईंनी नळाच्या पिवळ्या पाण्याचा फोटो टाकला, तर सरांनी ग्रुप असा करून ठेवला की फक्त त्यांनाच लिहिता यावं. त्या आठवड्यात वाशीच्या एका सभागृहात त्यांचं 'समाजमाध्यमं आणि नागरिकाचा आवाज' यावर व्याख्यान होतं. तिथून परतल्यावर त्यांनी आपलाच शाल घेतानाचा फोटो त्या ग्रुपवर टाकला. उत्तर द्यायची सोय कुणालाच नव्हती.

हाच एनओसीचा रोग त्यांनी कॉलेजात आणला. मुलांचं भित्तिपत्रक होतं, 'मोकळा श्वास'. नाव सरांनीच ठेवलेलं. जिन्यासमोर काचेचं दार असलेला मोठा फलक, त्याला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. नियम असा की ज्याच्याविषयी लिहिलं असेल त्याची लेखी ना हरकत जोडल्याशिवाय मजकूर आत जाणार नाही. एका मुलाने कँटीनमधल्या शिळ्या वड्यांवर लिहिलं. सरांनी त्याला कँटीनवाल्याच्या एनओसीसाठी पाठवलं. कँटीनवाला व्यवहारी माणूस, त्याने लगेच दिली. 'शिळे' खोडून 'चविष्ट' केलं आणि खाली पार्सलसाठी फोन नंबर टाकला. मजकूर लागला. सरांनी वर्गात त्याचं उदाहरण दिलं, संवादातून संपादन कसं घडतं म्हणून.

पोरं हुशार. ज्यांना हरकत घेता येत नाही अशांवरच ती लिहू लागली. थोर पुरुषांच्या पुण्यतिथ्या आल्या, आजीची गोधडी आली आणि दर हिवाळ्यात खाडीवर येणारे फ्लेमिंगो आले. फ्लेमिंगो तर इतके आले की विद्यापीठाची पाहणी समिती एकदा विचारून गेली, तुमच्याकडे पक्षिशास्त्र शिकवतात का. सरांना तो गौरव वाटला.

रेश्मा कोळी तिसऱ्या वर्षाला होती तेव्हाची ही गोष्ट. दिवाळ्याच्या हिराबाईंची, म्हणजे सरांना जवळा देणाऱ्या त्याच हिराबाईंची ही मुलगी. बारीक चणीची, बोलायला फटकळ. सरांच्या तासाला पहिल्या बाकावर बसून ती शब्द न् शब्द उतरवायची आणि, ही तिची चूक, त्यावर विश्वास ठेवायची.

कॉलेजचं नवं मैदान होणार होतं. जुनी इमारत पाडल्याचा राडारोडा ट्रकने खाडीकाठी जात होता आणि तिथे मैदानासाठी भराव पडत होता. कॉलेजात सगळ्यांना मैदानाचा आनंद होता. भराव नेमका कुणाच्या जागेवर पडतोय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. तो पडत होता दिवाळ्याच्या बायका जवळा वाळत घालत त्या सपाट जागेवर. जागा कागदोपत्री संस्थेला मिळालेली. बायका तिथे आज्यापणज्यांपासून मासळी सुकवत होत्या, पण कागदावर त्या नव्हत्या. रेश्माने लेख लिहिला, 'आमचं मैदान कुठून येतंय?' आईचं बोलणं जसंच्या तसं, शेजारणींचं बोलणं, आणि भराव टाकणाऱ्या आमच्या संस्थेच्या कार्याध्यक्षांचं, आप्पाशेठचं नाव. निम्मी जागा तेव्हा गेली होती, निम्मी शिल्लक होती.

सरांनी माझ्यासमोरच लेख वाचला. चष्मा काढला. "उत्तम. वैयक्तिक पातळीवर माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त ज्यांच्याविषयी आहे त्यांची एनओसी."

"म्हणजे आप्पाशेठची?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"टेन्शन नाय सर, आणते," असं म्हणून ती गेली. सर माझ्याकडे बघून मंद हसले. आप्पाशेठच्या ऑफिसात जाऊन, तुमच्याविरुद्ध लिहिलंय, सही द्या, असं कुठली मुलगी म्हणणार आहे, असा तो हिशेब होता. स्वतः ते कधी गेले नसते, म्हणून त्यांना दुसरं कुणी जाईल असं वाटलं नाही.

रेश्मा आईला घेऊन गेली. आप्पाशेठ इथलेच, शेतीच्या जमिनी गेल्यावर बांधकामात उतरलेले, बोलायला रांगडे. तिथे काय झालं ते रेश्माने दुसऱ्या दिवशी मला आणि सरांना एकत्रच सांगितलं. त्यांनी तिला लेख मोठ्याने वाचायला लावला. सगळा ऐकून घेतला आणि म्हणाले, "याच्यान खोटा काय हाय? भराव मीच टाकतंय, लपवून थोराच टाकतंय? लाव फल्यावर. पोरा वाचतील, बोलतील. कोनाची हरकत आली तं गाड्या थांबवू. मैदानाला काय, रस्त्याच्या वरच्या बाजूला पन जागा हाय." आणि त्यांनी सही केली. निघताना विचारलं, "तुजा सर घाबरतंय काय गो?"

मला त्या माणसाचं कौतुक करायचं नाही. बायकांची जागा बुजवणारा तोच. पण त्याला निदान आपण काय करतोय ते मोठ्याने ऐकायची लाज वाटली नाही, आणि थांबायची तयारी होती. फळ्यावर कागद लागला की झालं, एवढंच बाकी होतं.

सरांनी ती सही उजेडात धरून पाहिली. सही अस्सल निघाली तसा त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, ट्रकच्या कंत्राटदाराचीही लागेल, त्याचा उल्लेख आहे. तीन दिवसांनी ती आली. मग म्हणाले, ज्या बायकांची वाक्यं आहेत त्या प्रत्येकीची. तीही आली. "अंगठे आहेत यात," सर म्हणाले. रेश्मा म्हणाली, "अंगठे शेजारच्या काकींचे आहेत सर. आईची सही आहे, ती बघा, हिरा." प्रत्येक कागदासाठी ती घरी जाई तेव्हा भराव आणखी थोडा पुढे सरकलेला दिसे. सरांना ती रोज सांगे, "सर, एवढीच उरलीय," आणि दोन्ही हात पसरून दाखवे. हात रोज थोडे जवळ येत.

एका सोमवारी फलकावर आतून चिठ्ठी लागली, 'दुरुस्तीसाठी बंद.' काय दुरुस्त होत होतं कुणास ठाऊक. आत जुना फ्लेमिंगो एका पायावर उभा होता. खरं कारण असं, की पुढच्या आठवड्यात पाहणी समिती यायची होती, आणि समितीसमोर वाद नको, असं सरांचं मत पडलं होतं. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. प्राचार्यांना लेखाचा पत्ताच नव्हता, आप्पाशेठची हरकत नव्हती. भीती सगळी सरांची स्वतःची, घरची.

समिती यायच्या सकाळी रेश्माने घरून गव्हाच्या पिठाची खळ करून आणली आणि लेख काचेवर बाहेरून चिकटवला. आठ-दहा मुलांनी वाचला असेल नसेल, तेवढ्यात सर आले. मी जिन्यात होते. विद्यार्थ्यांच्या लेखनस्वातंत्र्यावर डॉक्टरेट घेतलेला माणूस स्टीलच्या फूटपट्टीने तो कागद काचेवरून खरवडत होता. खळ घट्ट होती, अर्धे शब्द राहत होते. ते तोंडाची वाफ देऊन पुन्हा खरवडत होते. मला पाहून म्हणाले, "बाई, वैयक्तिक पातळीवर मला फार वाईट वाटतंय." मी त्यांना ओला रुमाल दिला नाही.

मग चौकशी. आरोप, संस्थेच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण. तक्रार बांदिवडेकर सरांची आणि चौकशी समितीचे अध्यक्षही तेच. एक बाई सदस्य लागते म्हणून मला बसवलेलं. रेश्मा वही घेऊन आली होती, सरांच्याच तासाची. तिने शांतपणे विचारलं, "सर, आरोपाची कॉपी मला आधी मिळायला पाहिजे ना? उत्तराला वेळ? आणि तक्रार तुमची, तर निकाल तुम्ही कसा देणार? तुम्हीच शिकवलंत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि जरा वैतागून म्हणाले, "अगं, ते परीक्षेसाठी होतं."

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यासमोर एकदाच खरं बोलला, तो हा. रेश्माने वही मिटली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेली नव्हती. ज्या दुकानातून रोज सामान घेतलं तिथलं वजनमाप खोटं निघाल्यावर माणूस कसा बघतो, तशी बघत होती.

लेखी माफी दिली नाही तर हॉल तिकीट नाही, असा निकाल झाला. मी सही केली नाही. त्याने काही अडलं नाही. रेश्माने माफी दिली, ती अशी: 'मी काचेला खळ लावली, त्याबद्दल मी काचेची माफी मागते.' मला वाटलं सर भडकतील. त्यांनी दोनदा वाचली, फाइलला लावली आणि समाधानाने म्हणाले, "माफी आली, विषय संपला." त्यांना कागद हवा होता, त्यात काय लिहिलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं.

परीक्षा संपेपर्यंत भराव पुरा झाला होता. मैदानाच्या उद्घाटनाला आप्पाशेठ आले. फीत कापून झाल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "त्या पोरीचा कागद लागलाच नाय ना फल्यावर? मी वाट बगत व्हतो. कोनी कायच बोलला नाय. मना वाटला, कोनाची हरकत नाय." शेजारी बांदिवडेकर सर हातात गुलाबाचं फूल घेऊन उभे होते. त्यांनी ते फूल दुसऱ्या हातात घेतलं.

पुढल्या वर्षी पुण्याच्या एका चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला. त्यात 'कोळी समाजातील एक विद्यार्थिनी' होती, तिला योग्य प्रक्रियेची जाणीव करून देणारा एक अध्यापक होता आणि शेवटी दोन्ही बाजूंचं समाधान होतं. निबंधाला बक्षीस मिळालं. त्यांनी तो मलाही वाचायला दिला. रेश्माची एनओसी घेतली होती का, असं मी विचारलं. "नाव कुठे घातलंय?" ते म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की आपण तिच्यावर उपकार केलेत.

मग ते निवृत्त झाले. नेरूळचा फ्लॅट विकून उलव्याला गेले, विमानतळाजवळ. निरोप समारंभात आपण आयुष्यभर कसे वाऱ्याविरुद्ध चाललो ते त्यांनी सांगितलं. मी चहा घ्यायला बाहेर गेले.

गेल्या मे महिन्यात त्यांना शेवटचं पाहिलं. मी दिवाळ्याला पापलेट घ्यायला गेले होते. रेश्मा आता मोबाईलवर गावाच्या बातम्या करते, धक्क्यावर कुणाशी तरी बोलत फोन धरून उभी होती. मधली काही वर्षं इकडे न फिरकलेले सर तिला ओळख न देता बाजूने वळसा घालून हिराबाईंसमोर आले. केस पांढरे झालेले, पायात चप्पल, हातात कापडी पिशवी.

"हिराबाई, जवळा द्या. नेहमीसारखा."

"नेहमीचा कुठला आता, सर," हिराबाई म्हणाल्या. "ह्यो बाहेरून येतो, गुजरातचा. आमाला सुकवाला जागाच नाय ऱ्हायली."

सरांनी चिमूटभर जवळा नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं. "तो वास नाही. वाळूसुद्धा लागतेय. अशी कशी जागा गेली?"

हिराबाईंनी मानेने मागे दाखवलं. तिथे आमच्या कॉलेजचं मैदान होतं, तारेचं कुंपण, आत पोरं क्रिकेट खेळत होती. सरांनी तिकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं, आता आठवेल. मग ते वळले आणि अगदी कळकळीने म्हणाले, "तुम्ही लोकांनी तेव्हा आवाज उठवायला हवा होता. वैयक्तिक पातळीवर माझा तुम्हाला पूर्ण पाठिंबा होता."

हिराबाईंचा हात तराजूवर थांबला. "उठवला व्हता, सर," त्या म्हणाल्या. "माज्या पोरीनं उठवला. चावी तुमच्याकं व्हती."

आजूबाजूला कुणी ऐकलं का ते सरांनी पाहिलं. मी दिसले, तसे घाईने पैसे काढून हिराबाईंच्या हातावर ठेवले. हिराबाईंनी जवळा पिशवीत ओतला आणि पुढे केला.

"दोन पिशव्यांत घाला," सर म्हणाले. "वास बाहेर यायला नको."